कुठं मोडायचं

दुसऱ्या पाण्यात मोडला.
मागचा, डावा.
आवाज मोठा नव्हता, अडकित्त्यात सुपारी फुटते
तेवढाच.
इंजिन फिरतंय, गियर पडलाय,
आणि जीप जागच्या जागी, पोटापर्यंत नदीत.
चाक मडगार्डातून बाहेर कललेलं,
नारिंगी जॅकेटातली सात माणसं
हाही धबधब्याच्या तिकिटातलाच भाग समजून
टाळ्या वाजवतायत.

संध्याकाळी कुडचड्याला, इनास मेस्ताकडे.
त्यानं तुकडा पँटला पुसला, ट्यूबलाइटखाली धरला.
'हे बघ. हा एवढा चकचकीत भाग, तो आज मोडला.
हा काळा आहे ना, तो गेल्या वर्षापासनं मोडतोय.'

गेल्या वर्षापासनं.
म्हणजे दिवाळीच्या गर्दीत, कुळ्याहून दिवसाला तीन फेऱ्या,
मी माकडांचे तेच ते विनोद सांगत होतो
आणि खाली हा मोडत होता,
केसभर,
मग अजून केसभर.

म्हटलं, मग जाडातला जाड दे.
मागच्या आवारात खाणीवरचे टिपर उभे,
बंदीपासून तिथंच, वेलींनी टायर जमिनीला शिवलेले.
एकाचा अ‍ॅक्सल उतरवून ठेवला होता, माझ्या मांडीएवढा.
बाबांनी असलाच टिपर रिवणहून धक्क्यापर्यंत
अठरा वर्षं हाकला. घरी यायचे तेव्हा
थुंकीसुद्धा तांबडी.
'हा घाल,' इनास हसला, 'कध्धी मोडायचा नाही.
गोळा मात्र पहिल्याच धोंड्यावर बसेल
आणि तुझी जीप गणपतीसारखी नदीतच राहील.'

बरं, मधला? हुबळीहून येतो तो, पस्तीस दात्यांचा?
'घाल की. मग अ‍ॅक्सल नाही, क्राउन मोडेल.
क्राउन जाड केलास, जॉइंट. जॉइंट बदललास, गियरबॉक्स.
मोडणं कुठं जात नाही रे,
एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं.
कुठं मोडायचं, तेवढं तू ठरव.'

सुलक्षाला फोन केला. वहीत ती आकडे मांडत होती,
सोसायटीचा हप्ता, विमा, मे महिन्यापर्यंतच्या फेऱ्या.
जाडी विचारली नाही, दाते विचारले नाहीत.
म्हणाली, 'मोडल्यावर चाक राहतं का?'

हे मला सुचलंच नव्हतं.
इनासनं फोनमधून ऐकलं, काही न बोलता
कोपऱ्यातलं हब उघडलं. फुल फ्लोटिंग.
वजन सगळं बाहेरच्या नळीवर, दोन बेअरिंगांवर.
आतला दांडा फक्त फिरवतो,
त्याच्यावर कुणी बसत नाही.
तुटला तरी चाक जागेवर.
आठ बोल्ट काढ, आतला तुकडा चुंबकानं ओढ,
दुसरा दांडा सरकव,
गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या.

बराच वेळ मी तो दांडा आत-बाहेर करत बसलो.
फिरवणारा वेगळा, पेलणारा वेगळा.
आमच्या घरी दोन्ही एकच माणूस होता.

तोच घेतला. दांडे मुद्दाम मधल्या ताकदीचे,
एक जादा, गोणपाटात गुंडाळून सीटखाली.
सत्तर हजार, त्यातले वीस इनासनं उधार ठेवले
आणि वर दोन उंडे खायला घातले.

जुना तुकडा सुलक्षानं दाराशी ठेवलाय, नारळ फोडायला.
काळी बाजू वर असली
की मी पायानं उलटा करतो.

रविवारी त्याच पाण्यात उतरलो.
बायका किंचाळल्या, मोबाइल वर गेले.
माकडांच्या विनोदाची जागा आली, मी गप्प.
पाण्याच्या आवाजाखालचा आवाज ऐकत होतो.
मागून एका पोरानं विचारलं,
अंकल, सीटखाली काय वाजतंय?

म्हटलं, पाय वर घे बाळा,
पाणी आत येतंय.